१२० क्रेडिटचा हिशेब: न्यू जर्सीच्या पब्लिक हायस्कूलमध्ये अभ्यास, खेळ आणि कला एकत्र कशा चालतात

महाराष्ट्रात राज्यस्तरावर खेळलेल्या किंवा इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा पास झालेल्या मुलाला दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात. अभ्यासाचा निकाल आधी, खेळ आणि कला वरून जोडलेल्या. न्यू जर्सीच्या पब्लिक हायस्कूलची बांधणीच वेगळी आहे. तिथे ऑर्केस्ट्रा हा गणितासारखाच वेळापत्रकातला रोजचा तास असतो. शारीरिक शिक्षण चारही वर्षे घ्यावेच लागते. शाळेच्या संघातून खेळायचे, तर आदल्या वर्षी ठरावीक अभ्यास पास झालेला असावा लागतो. हे तिन्ही एकाच हिशेबात बांधलेले आहे, आणि तो हिशेब क्रेडिटचा.

एडिसन, साउथ ब्रन्सविक, वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो या पट्ट्यातल्या अनेक मराठी घरांत मूल नववीत जाताना विषयनिवडीचा कागद समोर येतो. ‘आधी अभ्यास, वेळ उरला तर बाकीचे’ या सवयीने तो भरला, की दोन वर्षांनी अडचण होते, कारण इथे वेळ उरत नसतो. तो आधीच वाटून ठेवावा लागतो.

खाली राज्याचे किमान नियम दिले आहेत. प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्ट (शाळा चालवणारे स्थानिक मंडळ) त्यांवर स्वतःचे नियम वाढवू शकते, म्हणून आपल्या शाळेचे ‘प्रोग्रॅम ऑफ स्टडीज’ हे पुस्तक संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे आणि त्याच्याशी हे ताडून पाहावे.

क्रेडिट म्हणजे काय

किमान ४० मिनिटांचा एक तास, आठवड्यातून एकदा, पूर्ण शालेय वर्षभर, म्हणजे एक क्रेडिट. आठवड्याचे पाचही दिवस होणारा वर्षभराचा विषय ५ क्रेडिटचा आणि अर्ध्या वर्षाचा अडीच क्रेडिटचा. नववी ते बारावी या चार वर्षांत मिळून डिप्लोमासाठी (हायस्कूल पूर्ण झाल्याच्या प्रमाणपत्रासाठी) किमान १२० क्रेडिट लागतात.

त्यांतले बरेचसे कशात मिळवायचे हे राज्यानेच ठरवले आहे. इंग्रजीचे २०, म्हणजे चारही वर्षे. गणिताचे १५, त्यांत अल्जिब्रा १ आणि भूमिती आलीच पाहिजे. विज्ञानाचे १५, तेही प्रयोगशाळेसह. समाजशास्त्राचे १५, त्यांत दोन वर्षे अमेरिकेचा इतिहास आणि एक वर्ष जगाचा. आरोग्य व शारीरिक शिक्षण दरवर्षी पावणेचार, म्हणजे चार वर्षांचे १५. दृश्य किंवा प्रयोगीय कलांचे ५, परभाषेचे ५, व्यवसायाशी संबंधित विषयांचे ५ आणि आर्थिक साक्षरतेचे अडीच. बेरीज साडेसत्त्याण्णव होते. उरलेले साडेबावीस मुलाने निवडायचे.

आता वेळापत्रक पाहू. दिवसाला आठ तास असतील आणि एक जेवणाचा गेला, तर सात तास उरतात. सात पंचे पस्तीस, चार वर्षांचे १४०. चांगल्या कॉलेजचा विचार करणारी मुले सहसा गणित आणि विज्ञान चार-चार वर्षे घेतात, भाषा तीन वर्षे. बहुतेक शाळा शारीरिक शिक्षण आणि आरोग्य मिळून वर्षाला ५ क्रेडिट धरतात. त्यात चारही वर्षे ऑर्केस्ट्रा घातला, तर इंग्रजी २०, गणित २०, विज्ञान २०, समाजशास्त्र १५, भाषा १५, शारीरिक शिक्षण २०, ऑर्केस्ट्रा २०, व्यवसायविषय ५, आर्थिक साक्षरता अडीच, एकूण शंभरावर साडेसदतीस. म्हणजे १४० पैकी १३७.५. बसते, पण जेमतेम.

हा आकडा वहीत लिहून ठेवावा, कारण पुढच्या सगळ्या अडचणी इथून निघतात. एपी (कॉलेजच्या पातळीच्या) रसायनशास्त्रासारख्या विषयाला काही शाळांत प्रयोगशाळेसाठी जादा तास असतो. तो कुठून तरी काढावा लागतो, आणि बहुतेक घरांत तो संगीतातून काढला जातो. खरे तर आधी पाहायला हवे ते अर्ध्या वर्षाचे विषय. आर्थिक साक्षरता उन्हाळ्यात ऑनलाइन करण्याची सोय पुष्कळ शाळा देतात. तेवढ्याने अर्ध्या वर्षाची जागा मोकळी होते.

ज्या शाळांत ८० मिनिटांचे मोठे तास एक दिवसाआड होतात, तिथे गणती तीच राहते, फक्त वेळापत्रक वेगळे दिसते.

गणिताची शिडी सहावी-सातवीत ठरते

विषयांचा क्रम अल्जिब्रा १, भूमिती, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस आणि मग कॅल्क्युलस असा असतो. नववीत अल्जिब्रा १ घेणारे मूल बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंत पोहोचते. बारावीत एपी कॅल्क्युलस हवे असेल, तर अल्जिब्रा १ आठवीतच व्हायला हवे, आणि आठवीत कुणाला ते मिळणार हे डिस्ट्रिक्ट सहावी-सातवीच्या चाचण्यांवरून ठरवते. बाहेरून आलेल्या मुलाची प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कुठल्या पायरीवर बसवायचे हे ठरवणारी चाचणी, होते. महाराष्ट्रातून नववी करून आलेल्या मुलाला बीजगणित आणि भूमिती दोन्ही येत असते, पण प्रगतिपुस्तकावर नुसते ‘गणित’ लिहिलेले असते. काउन्सेलरला, म्हणजे विषयनिवडीत मदत करणाऱ्या शाळेच्या सल्लागाराला, त्यातून काहीच कळत नाही. म्हणून सोबत अभ्यासक्रमातल्या धड्यांची यादी इंग्रजीत न्यावी आणि प्लेसमेंट टेस्ट स्वतःहून मागावी. मागितली नाही, तर मूल सुरक्षित म्हणून खालच्या पायरीवर बसवले जाते आणि एक वर्ष जाते.

नाव घालताना लसीकरणाची नोंदही लागते. भारतातून आलेल्या मुलांची क्षयरोगाची तपासणी मागितली जाऊ शकते. बीसीजी घेतलेल्या मुलाची त्वचेवरची चाचणी नसलेला संसर्ग दाखवू शकते, त्यामुळे डॉक्टरांकडे रक्ताच्या चाचणीची मागणी करावी. छातीच्या एक्स-रेच्या फेऱ्या वाचतात.

जीपीए आणि एक महागात पडणारा गैरसमज

ए ला ४, बी ला ३, सी ला २, डी ला १ आणि एफ ला शून्य. त्यांची सरासरी म्हणजे जीपीए. बहुतेक शाळा दुसरा, वजन दिलेला जीपीएही काढतात. ऑनर्सच्या (नेहमीपेक्षा वरच्या पातळीच्या) विषयाला अर्धा आणि एपीच्या विषयाला पूर्ण गुण वाढवणे ही नेहमीची पद्धत, पण शाळागणिक फरक असतो.

समजा अकरावीत पाच एपी विषय आहेत आणि पाचांतही ए आहे. सरासरी ५.० झाली. सहावा विषय ऑर्केस्ट्रा, त्यातही ए. पण त्याला वाढीव वजन नाही, म्हणून ४. बेरीज २९, भागिले ६, उत्तर ४.८३. मुलाने काहीही वाईट केले नाही आणि आकडा मात्र खाली आला. एवढ्यासाठी अकरावीत वाद्य सोडणारी मुले दर डिस्ट्रिक्टमध्ये सापडतील.

हा निर्णय चुकीचा आहे असे स्पष्ट सांगायला हवे. अनेक कॉलेजे अर्ज आल्यावर जीपीए आपल्या पद्धतीने पुन्हा काढतात, आणि त्यात बरेचदा फक्त मुख्य विषय धरतात. न्यू जर्सीच्या अनेक शाळांनी वर्गातला क्रमांक देणेही बंद केले आहे. त्यामुळे ०.१७ चा फरक ज्याच्यासाठी वाचवायचा तो वाचणारा माणूसच बहुधा नसतो. चार वर्षे एकाच वाद्याला दिलेली मात्र ट्रान्सक्रिप्टवर (चार वर्षांच्या विषयांच्या आणि ग्रेडच्या नोंदीवर) सरळ दिसतात. काही शाळांत वरच्या ऑर्केस्ट्राला ऑनर्सचे वजन मिळते. त्यासाठी जादा सादरीकरण किंवा लेखी काम करावे लागते आणि त्याचा अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच द्यावा लागतो.

एपीबद्दल थोडक्यात. हे कॉलेज बोर्डाचे अभ्यासक्रम आहेत. वर्गातला ग्रेड शाळा देते. मे महिन्यातल्या परीक्षेत १ ते ५ मधला गुण मिळतो तो वेगळा, आणि तो जीपीएत धरला जात नाही. परीक्षेचे शुल्क साधारण १०० डॉलर आणि नोंदणी नोव्हेंबरमध्येच बंद होते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना शुल्कात सवलत आहे.

विषयनिवड जानेवारीत, धक्का ऑगस्टमध्ये

पुढच्या वर्षाचे विषय साधारण जानेवारी ते मार्चमध्ये निवडायचे असतात. त्यावरून शाळा वेळापत्रक बांधते आणि मुलाच्या हाती ते ऑगस्टमध्ये पडते. काही विषयांची शाळेत एकच तुकडी असते. एपी फिजिक्स सी आणि वरचा बॅन्ड या दोन्हींची एकेकच तुकडी असेल आणि दोन्ही तिसऱ्या तासाला आली, तर एक सोडावा लागतो. संगणक नियमाप्रमाणे तुमच्या पर्यायी विषयांकडे वळतो. पर्यायांच्या रकान्यात घाईने काहीही भरले असेल, तर तेच पदरी पडते.

म्हणून निवडीच्या भेटीत काउन्सेलरला दोन प्रश्न विचारावे. यांतले एकाच तुकडीचे विषय कोणते? आणि टक्कर झाली तर आधी कोणता राखायचा, हे नोंदवून ठेवता येईल का? बॅन्ड किंवा ऑर्केस्ट्राच्या शिक्षकांनाही आधीच सांगून ठेवावे. वेळापत्रक बांधताना सगळ्यात जोरात भांडणारे तेच असतात, कारण एक चेलोवादक गेला तर त्यांचा पूर्ण विभाग लंगडा होतो.

संघात खेळायचे तर

न्यू जर्सीत शाळांच्या स्पर्धा एनजेएसआयएए ही राज्य संघटना चालवते. वर्षाचे तीन हंगाम असतात. शरद ऋतूत अमेरिकन फुटबॉल, सॉकर (आपला फुटबॉल), क्रॉसकंट्री, फील्ड हॉकी, मुलींचे व्हॉलीबॉल आणि मुलींचे टेनिस. हिवाळ्यात बास्केटबॉल, कुस्ती, पोहणे, फेन्सिंग, इनडोअर ट्रॅक. वसंतात बेसबॉल, सॉफ्टबॉल, ट्रॅक, गोल्फ, मुलांचे टेनिस आणि मुलांचे व्हॉलीबॉल. शरद हंगामाचा सराव शाळा उघडण्याआधी, ऑगस्टमध्येच सुरू होतो. टेनिस खेळणारी मुलगी सप्टेंबरअखेर भारतातून आली, तर संघ कधीच निवडला गेलेला असतो आणि तिला पुढच्या ऑगस्टची वाट पाहावी लागते. मुलग्याला मात्र मार्च मिळतो.

क्रिकेटला न्यू जर्सीत या संघटनेची स्पर्धा नाही. न्यू यॉर्क शहराच्या पब्लिक शाळांच्या लीगमध्ये ते २००८ पासून आहे.

संघाच्या पायऱ्या तीन: फ्रेशमन (नववीचा), जेव्ही (मधला) आणि व्हार्सिटी (शाळेचा मुख्य संघ). सॉकर, बास्केटबॉल, टेनिस, व्हॉलीबॉल यांत ट्रायआउट (निवड चाचण्या) होतात आणि मुले गाळली जातात. मोठ्या शाळेत बास्केटबॉलच्या बारा-पंधरा जागांसाठी कितीतरी मुले येतात. क्रॉसकंट्री आणि ट्रॅकमध्ये बहुतेक शाळा कुणाला गाळत नाहीत. खेळाची पार्श्वभूमी नसलेल्या मुलासाठी हे दोन दरवाजे सगळ्यात चांगले. घड्याळ प्रगती दाखवते, आणि कोचच्या पसंतीवर फार काही अवलंबून राहत नाही.

पात्रतेचा नियम क्रेडिटवरच आहे. दहावी किंवा वरच्या वर्गातल्या मुलाला पहिल्या सत्रात खेळायचे, तर आदल्या वर्षी राज्याच्या १२० पैकी एक चतुर्थांश, म्हणजे ३० क्रेडिट मिळालेले हवेत. दुसऱ्या सत्रासाठी पहिल्या सत्रातले १५. नववीच्या सुरुवातीला ही अट नसते. आता हिशेब करून पाहा. सात विषय घेणारे मूल एका विषयात नापास झाले, तर ३० उरतात आणि ते खेळू शकते. दोन विषयांत गेले, तर २५ आणि शरद हंगाम बुडाला. पण ताण नको म्हणून ज्याने एक तास स्टडी हॉल (क्रेडिट नसलेला, स्वतः अभ्यास करण्याचा तास) घेतला आहे, त्याच्याकडे मुळात ३० च असतात, म्हणजे एका विषयातले अपयशही पुरेसे ठरते. समर स्कूलमध्ये (उन्हाळी सुट्टीतल्या वर्गात) तो विषय पास केल्यास क्रेडिट परत मिळते. जूनमध्ये निकाल हातात पडताच नाव नोंदवावे.

आणखी तीन नियम पालकांना फार उशिरा कळतात. १ सप्टेंबरच्या आधी १९ पूर्ण झाले असतील, तर खेळता येत नाही. नववीत प्रवेश केल्यापासून सलग आठ सत्रे मिळतात, वर्ष पुन्हा केले तरी सत्रे वाढत नाहीत. आणि घर न बदलता नुसती शाळा बदलली, तर व्हार्सिटीपासून काही काळ बाहेर बसावे लागू शकते. कुटुंब खरोखर स्थलांतरित झाले असेल तर ही बंदी नाही, मात्र त्याचे कागद शाळेमार्फत वेळेत गेले पाहिजेत.

सगळ्यात जास्त मुले अडकतात ती वैद्यकीय तपासणीपाशी. ती राज्याच्या ठरलेल्या फॉर्मवरच हवी. तपासणाऱ्याने हृदयतपासणीविषयीचे राज्याचे प्रशिक्षण पूर्ण केलेले असावे लागते, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र कितीही चांगले असले तरी उपयोगाचे नाही. तपासणी ३६५ दिवस चालते, पण पहिल्या सरावाच्या दिवशी तिला ९० दिवसांहून अधिक झाले असतील, तर पालकांनी आरोग्याच्या माहितीचा वेगळा फॉर्म भरायचा. त्यानंतर शाळेचे डॉक्टर सगळे वाचून मंजुरी देतात, त्याला काही दिवस जातात. मंजुरी नाही तर ट्रायआउट नाही, आणि कोचला यात काहीच करता येत नाही. तपासणी जून-जुलैमध्ये उरकली की तिन्ही हंगामांची सोय होते. विमा साधारणपणे वर्षातून एकच वार्षिक तपासणी देतो, हे तारीख ठरवताना लक्षात घ्यावे.

डोक्याला मार लागून कन्कशनची शंका आली, तर त्या दिवशी मूल पुन्हा मैदानात उतरू शकत नाही. डॉक्टरांचे लेखी पत्र आल्यावरही सहा टप्प्यांत परत यायचे असते, दोन टप्प्यांमध्ये किमान २४ तास. लक्षणे परतली की मागच्या टप्प्यावर. मोठा सामना आहे म्हणून मुलाने डोकेदुखी लपवणे हा यातला खरा धोका आहे. दुसरा मार पहिला बरा होण्याआधी बसला, तर तो जिवावर बेतू शकतो. घरी हे स्वच्छ बोलून ठेवावे.

कॉलेजच्या संघाचा विचार असेल, तर एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या डिव्हिजन १ (सर्वांत वरच्या गटा) साठी १६ मुख्य विषय आणि त्यांत किमान २.३ सरासरी लागते. त्यांतले १० विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत. डिव्हिजन ३ आणि आयव्ही लीगची कॉलेजे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत.

कलांचा तास

राज्य फक्त ५ क्रेडिट मागते, त्यामुळे अनेक घरांत नववीत सिरॅमिक्स किंवा फोटोग्राफी उरकून खाते बंद करतात. बॅन्ड, ऑर्केस्ट्रा आणि कोरस यांत असे करता येत नाही. ते पायरीपायरीने चढतात. नववीचा गट, मग ऑडिशन देऊन वरचा गट, आणि अकरावी-बारावीत विंड एन्सेम्बल (फुंकवाद्यांचा निवडक गट) किंवा चेंबर ऑर्केस्ट्रा (छोटा निवडक गट). मध्ये वर्षभर सोडले, तर परत ऑडिशन, आणि तोवर बाकीचे पुढे गेलेले असतात. मार्चिंग बॅन्डचे शिबिर ऑगस्टमध्ये होते आणि शरदभर शुक्रवारची रात्र फुटबॉलच्या सामन्याला जाते. त्याच ऑगस्टमध्ये सॉकरचेही ट्रायआउट असतात, तेव्हा या दोहोंतले एकच बहुधा जमते.

तबला किंवा गायन शिकलेल्या मुलांकडे लय आणि कान तयार असतो, अडते ते स्टाफ नोटेशनपाशी, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीपाशी. इथली ऑडिशन ठरावीक रचना, स्केल्स आणि न पाहिलेली ओळ वाचून वाजवणे या तीन भागांची असते. तिसऱ्या भागात ही मुले गळतात, सूर कच्चा म्हणून नव्हे, तर कागद वाचता येत नाही म्हणून. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत रोज वीस मिनिटे दिली, तर प्राथमिक वाचन येते. गाणाऱ्या मुलांसाठी कोरस सोपा, कारण पहिल्या पायरीला बहुतेक ठिकाणी ऑडिशन नसते. तबलजीने पर्कशनकडे जावे, पण स्नेअरच्या काड्या आणि मॅलेट्स धरायला आधी शिकून घ्यावे.

चित्रकलेतला वरचा टप्पा म्हणजे एपी आर्ट अँड डिझाइन. यात मे महिन्यात बसून द्यायची परीक्षा नसते. एका प्रश्नाचा वर्षभर पाठपुरावा दाखवणाऱ्या १५ प्रतिमा आणि निवडक ५ कामे पाठवायची असतात. एकाहून एक सुबक पण परस्परांशी नाते नसलेली चित्रे पाठवली, तर गुण जातात. विचार कसा बदलत गेला हे त्या १५ मधून दिसावे लागते, म्हणून फसलेल्या खर्ड्यांचेही फोटो ठेवायचे.

वसंतातल्या म्युझिकलची निवड बहुधा हिवाळ्याच्या सुट्टीच्या आसपास होते आणि प्रयोग मार्चच्या सुमारास. रंगमंचावर न जाणाऱ्यांना प्रकाश, ध्वनी, नेपथ्य आणि पिट ऑर्केस्ट्रा (नाटकाला साथ करणारा वाद्यवृंद) मोकळे असतात. हिवाळी खेळ आणि म्युझिकल एकमेकांवर येतात, ते आधी पाहावे.

बाहेरच्या शिक्षणाला क्रेडिट

राज्याच्या नियमांत ‘ऑप्शन टू’ नावाची तरतूद आहे. तिच्यामुळे शाळेबाहेरच्या शिक्षणालाही डिस्ट्रिक्ट क्रेडिट देऊ शकते. बाहेर गंभीरपणे खेळणाऱ्या किंवा नाचणाऱ्या मुलांना काही शाळा शारीरिक शिक्षणाच्या जागी ते मान्य करतात आणि रोजचा एक तास मोकळा होतो. परभाषेची अटही भाषेची चाचणी देऊन पुरी करता येते. आपल्या डिस्ट्रिक्टला मराठीची कोणती चाचणी चालते, हे काउन्सेलरला ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवावे. मात्र चाचणीने अट भागली तरी कॉलेजांना भाषेची दोन-तीन वर्षे ट्रान्सक्रिप्टवर हवी असतात, त्यामुळे स्पॅनिश लगेच सोडू नये.

ऑप्शन टूला मंजुरी शिक्षण सुरू होण्याआधीच घ्यावी लागते. अर्जात गुरूंचे नाव व पात्रता, एकूण तास, शिकायच्या गोष्टी आणि त्यांची तपासणी कशी होणार, हे सारे लिहायचे असते. आठ वर्षे झालेल्या कथकचे क्रेडिट मागाहून मागितले, तर मिळत नाही. अर्जाची शेवटची तारीख अनेक डिस्ट्रिक्टमध्ये वसंतातच येऊन जाते, तेव्हा जानेवारीत विषय निवडतानाच तो फॉर्म मागून घ्यावा.